झाकण आत का पडलं?

"अर्धवर्तुळातला कोन किती अंशांचा?"

"सुट्टीत कसले कोन विचारतेस गं!" चष्मिष कुरकुरला.

"शाळा उघडली की वर्तुळाचीच चाचणी आहे. बोल मुकाट्याने!"

"नव्वद, बाई, नव्वद!"

ठिणगीच्या आईचं वेल्डिंगचं दुकान होतं. तिथेच बाकावर ठिणगी आणि तिचा मावसभाऊ चष्मिष उजळणी करत होते. एवढ्यात बागेचे सुपरवायझर दारातूनच गरजले, "बाई, बाहेर या! टाकीचं झाकण छोटं कापलंत! आत पडलं ते! माळ्याची नात थोडक्यात वाचली!"

आई हातमोजे काढत बाहेर आली. "तुम्ही एकशे अठ्ठावीस सेंटीमीटर सांगितलंत, साहेब. ते बघा, तेव्हाच भिंतीवर लिहून ठेवलंय."

"भिंत तुमची, खडूही तुमचा! मी एकशे बत्तीस म्हटलं होतं. चार वाजता आमच्या वरिष्ठ, मोठ्या बाई पाहणीला येतायत. बागेचं काम बंद तुमचं!"

रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. साहेब तरातरा निघून गेले.

"तू ऐकून कसं घेतलंस?" ठिणगी आईवरच उखडली.

"तोंडी माप घेतलं, चूक झाली माझी. पुरावा कुठाय माझ्याकडे?" आई म्हणाली. ती पुन्हा हातमोजे चढवू लागली. ते पाहून ठिणगीच्या अंगाचा तिळपापड झाला. मोठी माणसं चुकतात आणि वर आवाजही त्यांचाच मोठा!

तिने टेप, दोरी आणि काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या उचलला. "चल रे!"

बागेतल्या टाकीचं तोंड जमिनीलगतच होतं. माळीकाकांनी फळ्या टाकून ते झाकलं होतं. काठावर समोरासमोर खडूच्या दोन खुणा दिसत होत्या.

"त्या साहेबकाकांनी केल्या," माळीकाकांची नात पिटुकली म्हणाली. "माप घेतलं त्या दिवशी मधोमध हा एवढा जाड पाइप होता. पाणी उपसत होते ना!"

ठिणगीने खुणांमधलं अंतर मोजलं. एकशे सव्वीस! झाकण दोन्ही बाजूंना एकेक सेंटीमीटर टेकायला हवं, म्हणजे एकशे अठ्ठावीस. आईचं माप अगदी बरोबर!

"मग पडलं कसं?" चष्मिष चक्रावला.

"अर्धवर्तुळातला कोन नव्वदचा ना? मग काठावर काटकोन धरला की व्यास सापडेल! धर हा गुण्या!"

गुण्याचा कोपरा काठावर टेकवून त्यांनी दोन्ही भुजांच्या दिशेने दोऱ्या ताणल्या. त्या समोरच्या काठाला जिथे लागल्या, त्या दोन टोकांमध्ये टेप धरला.

"एकशे तीस!" चष्मिष ओरडला. "हा खरा व्यास! साहेबांनी भलतीच जीवा मोजली!"

चार वाजता मोठ्या बाई टाकीपाशी आल्या. आई खाली मान घालून उभी होती. साहेबांनी तोंड उघडायच्या आत ठिणगीने गरीब चेहरा करून विचारलं, "काका, मधे पाइप होता, तरी तुम्ही माप घेतलंत? कसं जमलं?"

साहेब फुशारले. "त्यात काय! पाइपाच्या बाजूने टेप टाकला. गोल वस्तू सगळीकडून सारखीच असते, बाळ!"

"मुळीच नाही!" ठिणगी कडाडली. "केंद्रातून गेली तरच जीवा सगळ्यांत मोठी! तुमची केंद्रापासून सोळा सेंटीमीटर बाजूने गेली आणि चार सेंटीमीटर कमी भरली. या खुणा तुमच्याच ना? मोजा!"

मोठ्या बाईंनी स्वतः मोजलं. खुणांमध्ये एकशे सव्वीस, व्यास एकशे तीस! मग टाकीतून दोरीने बाहेर काढलेलं झाकणही त्यांनी मोजलं. एकशे अठ्ठावीस! साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"शाब्बास, पोरांनो!" बाई म्हणाल्या. "तुम्हाला बक्षीसच दिलं पाहिजे."

"बक्षीस नको," ठिणगी म्हणाली. "आधी यांनी आईची माफी मागावी."

"चुकलं, बाई," साहेब पुटपुटले.

"इथे नाही!" ठिणगीचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता. "आमच्या दुकानासमोर! रस्त्यावर! सगळ्यांना ऐकू जाईल असं!"

"ठिणगे, पुरे," आई हळूच म्हणाली.

"पुरे नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलगी बरोबर बोलतेय. चला, साहेब. आणि बाई, नवं झाकणही तुम्हीच करायचं. माप मात्र ही घेईल."

आईने मान वर केली आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली.