कुंडीतला एक मुळा

समोरच्या कुंडीत फारच दाटी झाली होती आणि तिचे हात शिवशिवायला लागले. फुलांचं दुकान होतं ना तिचं! कुणाच्या लग्नाला गेली तरी आधी फुलांकडे बघायची, मग नवरानवरीकडे.

"अगं, मेनू बघ मेनू!" मैत्रीण म्हणाली. ही शाळेपासूनची मैत्रीण, आता दातांची डॉक्टर, आणि या नव्या हॉटेलात ओढून आणणारीही हीच. इथे म्हणे सगळं भाज्यांचंच, पण भाजी ओळखू येईल तर शपथ. "बिटाचं आइस्क्रीम... कोबीचा केक... बाई बाई!"

"थांब गं जरा." तिने पर्समधून कात्री काढली.

वेटर नुकताच ती कुंडी टेबलावर ठेवून, काहीतरी पुटपुटून लगबगीने गेला होता. काळी माती, तीत खोचलेले इवलेसे मुळे आणि गाजरं, वर हिरवागार पाला. तिने कचाकच पाला छाटला, एक मुळा उपटून आडवा ठेवला आणि मान तिरकी करून बघितलं.

"आता कसं!"

"छानच," मागून आवाज आला. "फक्त ती सजावट नाहीये हो. तुमचा पहिला पदार्थ आहे."

तिने वळून पाहिलं. पांढरा कोट, बाहीवर बिटाचा डाग, आणि ओठांच्या कोपऱ्यात मोठ्या मुश्किलीने दाबलेलं हसू... शेफ! मैत्रिणीने तर तोंडाला रुमालच लावला.

"आणि... पाला?" तिने चाचरत विचारलं.

"त्यातला सगळ्यात चविष्ट भाग. तुम्ही बशीत टाकून दिलात तो."

आता काय करणार? तिने बशीतलं एक पान उचललं, 'माती'त बुडवलं आणि तोंडात टाकलं. माती कसली, खरपूस भाजलेल्या मशरूमचा चुरा तो! खाली लसणाचं गार दही. "अय्या, काय सुरेख लागतंय हे!"

त्याचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "तुम्ही निदान कात्री तरी लावलीत. बाकीचे फोटो काढतात आणि कुंडी तशीच परत पाठवतात. मालक म्हणाले, आजचा दिवस बघू, नाहीतर उद्यापासून ही कुंडी बंद." तो उपटलेला मुळा बोटांत फिरवत राहिला. "लहानपणी आईच्या वाफ्यातून असाच उपटून खायचो. तसं लोकांना खायला घालावं, एवढंच मनात होतं."

तिला एकदम वाईट वाटलं. ओळख ना पाळख, पण वाटलं खरं.

"रागावणार नसाल तर एक सांगू?"

"कात्री तुमच्या हातात आहे. रागावायची काय बिशाद?"

"तुम्ही फार नीट रचता. इतकं नीट, की हात लावायची भीती वाटते. एक मुळा उपटून ठेवा, तिथला खड्डा दिसू दे. कुणीतरी सुरुवात केलीय म्हटलं की माणूस आपोआप हात घालतो."

तो तिच्याकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "आत येता?"

मैत्रिणीने तिला चक्क ढकललंच.

आत गेल्यावर तिने एकेका कुंडीतून एकेक मुळा उपटला. तो शेजारी उभा राहून जीव मुठीत धरून बघत होता. पहिल्या कुंड्या बाहेर गेल्या. दोघं दाराच्या काचेला नाक लावून उभे. एका आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं, हळूच एक गाजर उपटलं... आणि मग नातवंडांची झुंबड! थोड्या वेळाने वेटर ओरडतच आला, "रिकाम्या! सगळ्या रिकाम्या!"

"राहू दे मग," मालक गल्ल्यावरूनच म्हणाले.

"उद्या याल?" शेफने हळूच विचारलं. "मला नीटच रचायची सवय आहे. बिघडवायला कुणीतरी हवं."

"पगार?"

"पोटभर जेवण."

मग काय, दुकान बंद केलं की ती रोज तिथे. पाल्याच्या ओल्या वासात उभं राहून मुळे उपटायचे, त्याला चिडवायचं, त्याने तिच्यासाठी झाकून ठेवलेलं खायचं. तिची कात्री आता त्याच्या ॲप्रनशेजारच्या खुंटीवर लटकायची. मैत्रीण विचारायची, "नुसती मुळ्यांसाठी जातेस का गं?" आणि ती उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधायची.

एक दिवस मैत्रीणही तिच्याबरोबर तिथे जेवायला निघाली, म्हणून दोघींना जरा उशीर झाला. ती आत शिरली आणि दारातच थबकली. सगळ्या कुंड्या तयार होत्या. प्रत्येकीत एक मुळा उपटलेला, खड्डा अगदी हवा तसा.

"येतं की तुम्हाला!" ती हसली. पण मग आता आपलं इथे काय काम? "कधी शिकलात?"

तो हात पुसत राहिला. कोरडेच होते, तरी पुसत राहिला.

"पहिल्याच दिवशी."

"मग इतके दिवस... रोज मला का बोलावलंत?"

"सांगितलं तर तू यायची थांबली असतीस." पहिल्यांदाच 'तू' म्हणाला तो. कानापर्यंत लाल झाला होता. "मला तू आवडतेस. मुळ्यांचं माझं मी बघेन... तू नुसती येत जा."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही. तिने खुंटीवरची कात्री काढली, एका कुंडीतलं कोवळं पान छाटलं आणि त्याच्या कोटाच्या खिशात खोचलं.

"वाकडं खोचलंस," तो म्हणाला.

"राहू दे," ती म्हणाली. "मी रोज येऊन नीट करत जाईन."

"अहो, तुमचं झालं असेल तर," बाहेरून मैत्रीण ओरडली, "आम्हाला जेवायला मिळेल का काही?"