साळुंकीची डावी टाकी

२०४३ सालची गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. कवठे महांकाळच्या बाजूला माळावर एक छोटी धावपट्टी होती. तिथे हेमलता कोळेकर साळुंकी नावाच्या विमानाच्या पंखाखाली सावलीला बसून भाकरी खात होत्या. तेवढ्यात विमानच बोललं.

"साळुंकी सेवेतून बाद. उद्या सकाळी तोडणी."

आवाज वैद्याचा होता. त्या काळी प्रत्येक लहान विमानात संवेदकांचं जाळं असे. ते अंगाअंगाची खबर देई आणि त्यावरून संगणकात त्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती चालत राही. तिलाच सगळे वैद्य म्हणत. वैद्याचं निदान अखेरचं, असा नियम झाला होता.

साळुंकीचं दुखणं चमत्कारिक होतं. तिच्या दोन पंखांत दोन टाक्या. उसापासून केलेलं इंधन आपल्याच वजनाने त्यांतून इंजिनात उतरे. पण गेले काही दिवस आकाशात डावी टाकी भराभर रिकामी व्हायची, उजवी भरलेलीच राहायची आणि विमान उजवीकडे झुकायचं. जमिनीवर मात्र दोन्ही धारा सारख्या. वैद्याने गाळण्या, झडपा, तोट्या तपासल्या. सगळं ठणठणीत. मग त्याने ठरवलं की भाग चांगले आहेत, तेव्हा सांगाडाच पिळवटलेला असणार.

साळुंकी गेली की हाताने विमान उडवायला शिकवणारं त्या भागात काही उरणार नव्हतं. हेमलताबाईंची सगळी नोकरी तिच्या देखभालीत गेली होती. पूर्वी त्या टाकीत लाकडी पट्टी बुडवून इंधन मोजत, इंजिन कानाने ऐकत, आणि बोटांना बसलेला तेलाचा वास दिवाळीच्या उटण्यानेही जात नसे.

विमानाला सील ठोकायला नचिकेत बर्वे नावाचे तरुण निरीक्षक आले होते. त्यांनी सील ठोकलं.

"बाई, आता हिला हात लावता येणार नाही."

"लावला तर?"

"मला तक्रार लिहावी लागेल."

"मग पेन काढून बसा. चहा सांगू का?" असं म्हणत बाईंनी सील तोडलं. "जमिनीवर बरी आणि वर गेली की आजारी. वर असं काय आहे, जे इथे नाही?"

बर्व्यांनी आभाळाकडे पाहिलं. "वारा."

"मग वारा आणू या."

शेजारच्या द्राक्षबागेत तानाजी शिंत्रे फवारणी करत होते. विजेवरचा ट्रॅक्टर आणि मागे मोठ्या पंख्याचा ब्लोअर. बाईंचं म्हणणं ऐकून त्यांनी टोपी मागे सरकवली.

"ताई, छाटणी झालीया, फवारणी थांबली तर भुरीचा रोग पडंल. आन् मी विमानाला वारा घालत बसू? गाव येडं म्हणंल मला."

"गाव आधीच म्हणतंय. औषध बंद करा, नुसता पंखा चालू ठेवून या."

तानाजी हसत आले.

बाईंनी दोन्ही टाक्यांच्या नळ्या इंजिनापाशी सोडवल्या आणि त्यांखाली दोन पारदर्शक कॅन ठेवले. "अनधिकृत हाताळणी," वैद्य सांगू लागला. "ओरड बाबा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तानाजींना खूण केली. ब्लोअरचा झोत डाव्या पंखाखाली आला. आतापर्यंत सारख्या पडणाऱ्या धारांतली डावी जाड झाली. डावा कॅन उजव्याच्या पुढे चढू लागला.

बर्वे गुडघ्यांवर बसले. त्यांच्या इस्त्रीच्या पँटीला माती लागली, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

बाई पंखाखाली गेल्या. टाकीतलं इंधन उतरलं की त्या जागी हवा जावी म्हणून तिथे एक बारीक नळी असते. पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याच्या आडोशाला ती बसवतात, म्हणजे वारा थेट आत घुसत नाही. ती नळी वाकून आडोशातून बोटभर बाहेर आली होती. समोरचा वारा आत शिरून डाव्या टाकीतलं इंधन खाली रेटत होता. नळीत एकही संवेदक नव्हता, त्यामुळे वैद्याच्या लेखी ती नव्हतीच.

नळीला दोऱ्याची एक गाठ होती. गाठीत झेंडूची सुकलेली पाकळी.

बाईंनी ती पाकळी चिमटीत धरली. खंडेनवमीला विमानाची पूजा होई आणि माळ पुढच्या पंख्याला घालत. यंदा वैद्याने "परकी वस्तू, परकी वस्तू" म्हणून कालवा केला. तेव्हा त्यांनी स्वतःच माळ या नळीला अडकवली होती. आणि दसऱ्यानंतर दोरा सुटेना म्हणून हिसडा मारून ओढली होती.

बर्व्यांना सगळं समजलं. ते हळूच म्हणाले, "दोरा काढून टाका. नळी आपोआप वाकली असं लिहितो. माणसाने वाकवली म्हटलं, तर तुमचा देखभालीचा परवाना जाईल. वरच्यांना हाताने काम करणारे नकोच आहेत."

"आपोआप वाकली म्हटलं, तर साळुंकी म्हातारी ठरेल. उद्या तोडतीलच."

त्यांनी नळी अंगठ्याने दाबत पुन्हा आडोशाला नेली. ब्लोअर चालूच होता. दोन्ही धारा सारख्या झाल्या.

"आता लिहा, बर्वेसाहेब. माझ्या हाताने बिघडली, माझ्याच हाताने सुधारली. दोन्ही वाक्यं हवीत. एक गाळून दुसरं ठेवायचं नाही."

साळुंकीची तोडणी रद्द झाली. ती पुढे पुष्कळ वर्षं उडाली. हेमलताबाईंचा परवाना गेला, तो परत मिळाला नाही. त्यांनी धावपट्टीच्या कुंपणाबाहेर पत्र्याची शेड घातली आणि येईल त्याला इंजिन ऐकायला शिकवलं. अहवालातलं दुसरं, सुधारल्याचं वाक्य वरच्यांनी गाळलं. बर्व्यांनी ते पुन्हा घातलं, पुन्हा गाळलं गेलं, आणि अखेर नोकरी सोडून ते साळुंकीवरच उडायला शिकले. तानाजींच्या वेलींच्या चार ओळींवर भुरी पडली. ती गोष्ट ते लग्नाच्या पंगतीत फुशारकीने सांगत.

आणि वैद्य? पुढच्या खंडेनवमीला, कोणी न सांगता, त्याने साळुंकीतून विचारलं, "माळ कुठे बांधली?"

सगळे हसले. पण दसरा सरला तरी तो थांबला नाही. मग इतर वैद्यांनीही ते उचललं आणि ठिकठिकाणच्या विमानांतून रोज सकाळी तोच प्रश्न येऊ लागला, "आज कोणी हात लावला? कुठे?"

त्याला उत्तर देणारे हात हळूहळू कमी होत गेले. ज्या दिवशी एकही उरणार नाही, त्या दिवशी तो हे कोणाला विचारेल?