लामरियाचा स्वतःचा आवाज

गाणं पुन्हा एकदा मध्येच मेलं! पडद्यावरची हिरवी पट्टी ध्रुवपदापर्यंत नीट सरकत आली, क्षणभर थबकली आणि दुसऱ्याच क्षणी सगळं सॉफ्टवेअर मिटून गेलं... उरला फक्त पडद्यावरचा गावाजवळच्या तोबा सरोवराचा फोटो, निळा, शांत, जणू काही घडलंच नाही. बिन्सारने हातातला कॉफीचा पेला टेबलावर इतक्या जोरात आदळला की कॉफी लामरियाच्या बाहीवर उडाली.

"परवा कार्यक्रम आहे, इतो," तो म्हणाला. "अख्खं गोत जमणार आहे. मेदानच्या रेडिओवाल्यांना आज फाइल पाठवतो म्हणून मी शब्द दिलाय. एवढं एक काम तुझ्याकडे, आणि तेही होत नाही?"

लामरियाने बाही पुसली. इतो... बहिणीने भावाला आणि भावाने बहिणीला हाक मारायचा तोच एक शब्द. तो उच्चारताना धाकट्या भावाच्या तोंडी कधीकाळी केवढी माया असायची! आज त्यात फक्त हुकूम होता. बिन्सार दार उघडंच टाकून तणतणत मंडपवाल्यांकडे निघून गेला आणि ती एकटीच त्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून राहिली.

याच खोलीत पूर्वी तिचा माग होता. वडील सरोवरात होडीसकट बुडाले तेव्हा लामरियाला मेदान शहरातल्या एका गाणाऱ्या चमूने बोलावलं होतं, नवा झगासुद्धा शिवून तयार होता. तो झगा तिने कधीच घातला नाही. ती मागावर बसली, उलोस विणू लागली, खांद्यावर पांघरायच्या त्या लाल-काळ्या शाली विकून तिने बिन्सारला शिकवलं, मेदानला धाडलं, आणि तिथे तो गायक म्हणून नावारूपाला आला तेव्हा त्यांच्या बालिगे गावच्या बाजारात मासे घेताना बायका तिला थांबवून म्हणायच्या, "भाऊ काय गातो गं तुझा!" त्या एका वाक्यावर तिचं अंतःकरण दिवसभर तृप्त असायचं. त्यागाचं दुःख तिला कधी जाणवलंच नाही, कारण तो तिने आपखुशीने केला होता.

दुःख आलं ते नंतर. बिन्सारच्या गळ्यात गाठ झाली, शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. बोलण्यापुरता उरला, खरखरीत, फाटका. तेव्हा तो बालिगेला आला होता, याच खोलीत तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला होता आणि मग त्यानेच तो मार्ग काढला होता. लामरियाने गायचं आणि कॉम्प्युटरने तिचा आवाज जाड, पुरुषी करायचा. कडव्यात कुठेतरी बिन्सारचा खरा आवाज, तोही घासूनपुसून. बाकी सगळं तिचं. माग अडगळीत गेला, खोलीच्या भिंतींना जाड गाद्या लागल्या, माइक आला, आणि लामरिया हे तंत्रही मागासारखंच चिकाटीने शिकली. कव्हरवर नाव बिन्सारचं. कार्यक्रमातही वाजायचं रेकॉर्डिंग. तो फक्त ओठ हलवायचा.

एवढंच करून भागलं नाही. चर्चमध्ये दर रविवारी ती गायची, आणि तो आवाज ओळखणारे कान गावात कमी नव्हते. कुणी दोन्ही आवाज ताडून पाहिले असते तर? म्हणून एका रविवारी ती गायकवृंदात उभीच राहिली नाही, आणि पुढेही कधी नाही. इनांगला, म्हणजे त्यांच्या आईला, हा घाव सोसला नाही. ती स्वतः तरुणपणापासून त्या वृंदात गायलेली, नवरा पाण्यात गेल्यावरही दुसऱ्याच रविवारी तिथे उभी राहिलेली बाई! देवाने दिलेला गळा या पोरीने भावाविषयीच्या मत्सरापायी गाडून टाकला, असं तिने चारचौघांत बोलून दाखवलं आणि त्या दिवसापासून लेकीशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. लामरियाने ते ऐकून घेतलं. वर्षानुवर्षं, मुकाट्याने ऐकून घेतलं...

आणि आता परवा त्याच इनांगचा सोहळा. मुलांनी, नातवंडांनी म्हाताऱ्या आईला मधोमध बसवून आपल्या हातांनी घास भरवायचा, आशीर्वाद मागायचा. त्यासाठी हे गाणं. शब्द लामरियाने स्वतः जुळवले होते, मोडकेतोडके असतील, पण तिचे होते.

तिने पुन्हा कामाला हात घातला. आधी कॉम्प्युटरमध्ये जागा कमी असेल म्हणून जुन्या फायली काढून टाकल्या. फाइलचा प्रकार बदलून पाहिला. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. दर वेळी ती पट्टी ध्रुवपदापर्यंत यायची आणि सगळं मिटायचं. मग तिने गाणं तुकड्यातुकड्याने बाहेर काढलं. सुरुवातीची बासरी निघाली, बिन्सारच्या आवाजातलं पहिलं कडवं निघालं, ध्रुवपदाला पुन्हा घात! म्हणजे खोट तिथेच होती. तिने ध्रुवपदातले ट्रॅक एकेक करून बंद केले. ढोल बंद, तरी कोसळलं. गिटार बंद, तरी कोसळलं. स्वतःचा ट्रॅक बंद केला आणि पट्टी शेवटपर्यंत सरळ गेली.

आता तिच्या ट्रॅकवर चढवलेली एकेक करामत ती काढू लागली. घुमारा काढला, उपयोग नाही. शेवटी ती आवाज जाड करणारी करामत काढली, आणि गाणं सुरळीत बाहेर पडलं. सॉफ्टवेअर गेल्याच आठवड्यात नवं केलं होतं, ही करामत मात्र जुनी, फुकटात मिळवलेली. दोघांचं आता पटत नव्हतं. एवढीच साधी गोष्ट होती.

नीट निघालं की नाही ते पाहायला तिने हेडफोन न लावता गाणं स्पीकरवर सोडलं.

आणि त्या गाद्यांच्या खोलीत तिचा स्वतःचा आवाज उमटला! कितीतरी वर्षांनी... स्वच्छ, उंच, थोडा पोक्त झालेला, पण तिचाच. गाताना गाऊन टाकायचं आणि लगेच त्यावर पुरुषाचं कातडं चढवायचं, हे इतक्या सवयीचं झालं होतं की आपण कसं गातो हे ती विसरूनच गेली होती. आणि मग शब्द कानावर आले. 'तुझ्या पदराशी वाढलेला मी तुझा मुलगा...' तिने लिहिलं होतं 'मुलगी'. बिन्सारने तो शब्द बदलून घेतला होता आणि तिने विनातक्रार गाऊनही टाकला होता. आपल्याच आईला, आपल्याच गळ्याने, मी तुझी मुलगी नाही असं आपण सांगितलं! तिच्या काळजात काहीतरी चर्रकन कापलं गेलं. ती रडली नाही. उलट एवढा शांत, एवढा कठोर राग तिला आयुष्यात पहिल्यांदाच आला, आणि तो तिने आवरला नाही.

तिने माइक ओढला, तेवढी ओळ नव्याने गायली, 'मुलगी' म्हणून गायली, आणि जुन्या ओळीच्या जागी बसवली.

बिन्सार परतला तेव्हा दुपार टळली होती. काय झालं, असं त्याने दारातूनच विचारलं.

"खोट सापडली," लामरिया म्हणाली. "माझा आवाज तुझा करणारी ती करामत नव्या सॉफ्टवेअरला चालत नाही."

"मग? काही उपाय?"

"आहे. तो ट्रॅक वाजवत ठेवायचा, तसाच दुसऱ्या ट्रॅकवर उतरवून घ्यायचा आणि करामत काढून टाकायची. तासाभराचं काम."

बिन्सारने सुटकेचा श्वास सोडला. "मग बस लगेच."

"मी करणार नाही."

त्याला आधी ते ऐकूच आलं नाही जणू. मग तो हसला, मग चिडला, मग तिच्यासमोर स्टूल ओढून बसला आणि समजावू लागला. मेदानची माणसं, ठरलेले कार्यक्रम, बायको, दोन मुलींच्या शाळा, सगळं त्याने तिच्यापुढे मांडलं. हा फाटका आवाज लोकांनी ऐकला तर उद्या मला कुणी दारात उभं करणार नाही, असं म्हणताना त्याचे डोळे भरून आले. पूर्वी एवढ्याने लामरिया विरघळली असती.

"नाही करणार उभं," ती म्हणाली. "मग दुसरं काही कर. धडधाकट आहेस. मी सोळाव्या वर्षी मागावर बसले तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं की तुला हे आवडतं का."

"तेव्हा तू माझ्यासाठी केलंस. मग आताच काय झालं?"

"तेव्हा मी माझे हात दिले, इतो. हात दिले तरी माणूस उरतो. तू माझा गळा घेतलास, आणि आज माझी आईसुद्धा घेत होतास. ती मी देणार नाही."

"घरात सोहळा आणि तू अडून बसलीस? इनांगला काय सांगू मी?"

"खरं सांग."

"सांग," दारातून आवाज आला.

इनांग उभी होती. या खोलीत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. किती वेळ ती व्हरांड्यात होती कोण जाणे; स्पीकरवरचं गाणं तिने सबंध ऐकलं होतं हे मात्र तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. बिन्सारने मान खाली घातली आणि मग अडखळत, एकेक वाक्य ओढून काढत सांगितलं... गाठ, शस्त्रक्रिया, रेकॉर्डिंगं, सगळं. चर्चचंही सांगितलं.

इनांग लेकीकडे वळून म्हणाली, "मला का नाही सांगितलंस? मी तुला काय काय बोलले. एवढी वर्षं तू ऐकून घेतलंस."

"तू कधी विचारलंस का, इनांग?" लामरियाचा आवाज चढला नाही, पण खालीही आला नाही. "गाणं का सोडलंस, एवढं एकदा विचारलं असतंस. तू आधीच ठरवून टाकलंस की मी मत्सरी आहे."

म्हातारी माइकपुढच्या स्टुलावर मटकन बसली आणि तिच्या सुकलेल्या गालांवरून अश्रू ओघळू लागले. लामरियाने ते पुसले नाहीत. तिने आईच्या शेजारी जमिनीवर बसकण मारली, इतकंच. कितीतरी वेळाने इनांगचा हात चाचपडत तिच्या केसांवर आला आणि तिथेच राहिला. बिन्सार उठून बाहेर गेला. तो रात्रीच्या जेवणालाही आला नाही.

सकाळी आला तो तोंड धुऊन, ताजा शर्ट घालून, सरळ माइकपुढे उभा राहिला. "माझं कडवं खालच्या पट्टीत घे," तो म्हणाला. "आणि घासूपुसू नकोस."

"फाटेल."

"फाटू दे."

तो गायला. आवाज खरोखरच फाटला, दोन ठिकाणी तर नुसता श्वास उरला. लामरियाने एकदाही थांबवलं नाही. तिने एक्स्पोर्टचं बटण दाबलं आणि दोघं भावंडं ती हिरवी पट्टी शेवटापर्यंत जाताना बघत राहिली. फाइलवर दोघांची नावं तिनेच लिहिली, आधी स्वतःचं.

सोहळ्याच्या दिवशी अंगण माणसांनी फुललं होतं. हळदीत मुरलेला आर्सिक मासा इनांगपुढे ठेवला होता, तिच्या खांद्यावर लामरियाने विणलेला उलोस होता. बिन्सारने उभं राहून आपल्या खरखरीत आवाजात, काहीही न लपवता, मंडपाला सगळं सांगितलं. कुजबुज उसळली. मेदानहून आलेला एक माणूस तिथूनच उठून गेला; बिन्सारने ते पाहिलं आणि तरी बोलणं पुरं केलं. मग गाणं वाजलं.

ते संपल्यावर तुलांग, म्हणजे मामा, इनांगचा धाकटा भाऊ, ज्याच्या शब्दाबाहेर त्या घरात कुणी जात नसे, घसा खाकरून म्हणाला की आवाज चांगला आहे, पण मुलाचं नाव असताना मुलीचं पुढे करायची काय गरज होती, गोताला हे शोभत नाही.

लामरिया उत्तर द्यायला उठलीच होती. इनांगने हाताने तिला थांबवलं.

"दोघांना मी जन्म दिला," ती भावाला म्हणाली. "माझा कान फसला, ते पाप माझं. तुझा आता फसत नाहीये, तुला नुसता राग येतोय. येत असेल तर पानावरून ऊठ, मी तुला अडवणार नाही."

तुलांग उठला नाही. भरवायची पहिली पाळी घरातल्या मुलाची असते. बिन्सारने घास घेतला, वळला आणि तो लामरियाच्या हातात दिला. तिने तो आईच्या तोंडाशी नेला.

इनांगने घास खाल्ला, सावकाश चावला, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गाणं परत लावा. आणि या वेळी कुणी बोलू नका. माझी मुलगी गातेय."