कोरड्या मातीतला निवडुंग

माझा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. सोनारापासून भंगारवाल्यापर्यंत सगळे माझ्याकडे येतात आणि सगळ्यांची तक्रार एकच असते, काटा खोटं बोलतोय. मी काटा उघडतो. आत कधी मेलेलं झुरळ निघतं, कधी गंजकी स्प्रिंग, कधी पिठाचा थर. काहीतरी निघतंच. एकदाच असं झालं की काही निघालं नाही, आणि तो काटा माझ्याच घरातला होता.

भावोजींना, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याला, निवडुंगांचा नाद होता. मला म्हणायचे, "आपण दोघंही काटेवाले. फक्त तुझे टोचत नाहीत." एका सकाळी ऑफिसला निघताना बुटाची नाडी बांधायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. मूलबाळ नव्हतं. ताईनं त्यांच्या सगळ्या कुंड्या शेजारीपाजारी वाटून टाकल्या आणि एकच काखोटीला मारून ती आमच्याकडे राहायला आली. मोसंबीएवढा गोल निवडुंग. अंगावर उभ्या धारा, धारांवर पिवळट काट्यांचे झुबके, डोक्यावर पांढरी लव.

आम्ही तिला आतली खोली दिली. उजेड चांगला होता, म्हणून कुंडी तिथल्याच खिडकीत ठेवली. माझ्या बायकोला तेव्हा दिवस गेले होते.

ताई रडायची. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, नळाखाली हात धरून. आवाज फारसा नसायचा. एक हुंदका यायचा, मग बराच वेळ काही नाही, आणि संपलं असं वाटेपर्यंत दुसरा. बायको एका शब्दानं काही बोलली नाही, पण जेवताना ताईच्या समोर बसायचं टाळू लागली. मीही दुकानातून उशिरा निघायला लागलो.

एके दिवशी ताईनं विचारलं, याला पाणी कधी घालायचं. भावोजींचं बोलणं ऐकून ऐकून मला तेवढं पाठ झालं होतं. माती म्हणजे निम्मी जाड वाळू आणि विटेचा चुरा. थंडीत पाणी बंद. एरवी कुंडी उचलून हलकी लागली तरच घालायचं, आणि तेही बुडाशी. निवडुंग मेला तर बहुतेक वेळा लाडानंच मेलेला असतो, असं ते म्हणायचे.

"हलकी म्हणजे किती हलकी?" ताईनं विचारलं.

हा माझा प्रांत. मी दुकानातला एक छोटा काटा आणला, खिडकीत ठेवला आणि कुंडी त्याच्यावर बसवली. आकडा उतरत जाईल, मी सांगेन तेव्हा पाणी घाल, तोवर हात लावू नकोस, असं तिला बजावलं.

थंडी पडली. पाणी बंद झालं. आता आकडा रोज थोडा थोडा उतरायला हवा होता.

तो चढत होता.

आधी मला वाटलं, ताई चोरून पाणी घालते. मी मातीत विणकामाची सुई खुपसून पाहिली. सुई पिठात घातल्यासारखी गेली आणि कोरडी ठणठणीत बाहेर आली. मग मी काट्यावर संशय घेतला. त्याच्यावर प्रमाणित वजनं ठेवली, तर काटा केसभरही चुकत नव्हता. दुसरा काटा आणला. त्यानंही तेच सांगितलं. निवडुंग मात्र तुकतुकीत दिसत होता. धारांमधल्या खाचा भरून आल्या होत्या.

त्याच सुमारास कधीतरी ताईचं रडणं थांबलं. नक्की कधी ते कुणालाच सांगता येणार नाही. नळाची गळती बंद झाली की ती ऐकू येईनाशी झाल्याचं उशिराच लक्षात येतं, तसं झालं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. बायको पुन्हा तिच्या समोर बसून जेवू लागली.

मग ताईच्या डोळ्यांत खुपायला लागलं. वाळू गेल्यासारखं वाटतं म्हणायची. मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टीपकागदाची बारीक पट्टी तिच्या खालच्या पापणीत अडकवली आणि थांबायला सांगितलं. जरा वेळानं पट्टी काढून उजेडात धरली. ती होती तशीच कोरडी होती. या वयात होतं असं, म्हणाले, आणि डोळ्यांत घालायचे थेंब लिहून दिले. ते वारंवार घालावे लागायचे. घातले की लगेच जिरायचे.

भावोजींचे कपडे ताईनं त्याच आठवड्यात देऊन टाकले. त्यांचा चष्मा बायकोला दाखवून म्हणाली, फ्रेम चांगली आहे, कुणाच्या उपयोगी पडेल. ते गेले त्या सकाळची हकीकत तिनं शेजारणीला सांगितली, तेव्हा मी पलीकडेच होतो. बसचं वेळापत्रक सांगावं तसं ती सांगत होती. नंतर तिनं मला विचारलं, "मला आता काहीच होत नाही रे. बरंच आहे ना?"

मी म्हणालो, बरंच आहे.

मुलगी झाली. दवाखान्यात तिनं सगळा मजला डोक्यावर घेतला होता. नर्स म्हणाली, हिची वाजंत्री जोरात आहे. घरी आल्यावर बायकोला झोप मिळावी म्हणून पाळणा ताईच्या खोलीत लावला, खिडकीजवळ, उजेडात. पोरगी दोन-चार दिवस रडली. मग कमी झालं. मग अजिबात रडेना. येणारे-जाणारे म्हणायचे, काय गुणी बाळ आहे. बायकोही कौतुकानं सांगायची की ताईंच्या हाताला गुण आहे.

बाळ रडत नाही म्हटल्यावर दूध पाजायला घड्याळ बघावं लागे. पाजलं की ते प्यायचं. तरी लंगोट कोरडे निघू लागले. ओठांना पापुद्रे आले. एकदा अंघोळ घालताना बायकोनं मला हाक मारली आणि माझं बोट धरून बाळाच्या डोक्यावर ठेवलं. टाळू खोल गेली होती. बोट आत बसत होतं.

डॉक्टर म्हणाले, आईचं दूध पुरत नाहीये. वरचं दूध सुरू करा, वजनावर लक्ष ठेवा, आणि दोन दिवसांत फरक पडला नाही तर भरती करू. वरचं सुरू केलं. बाळ तेही प्यायलं. वजनावर लक्ष ठेवायला माझ्याइतका योग्य बाप दुसरा कुठला? एका दवाखान्याचा लहान मुलांचा काटा माझ्याकडे दुरुस्तीला आलेला होता, तो मी घरी आणला. पाळण्याशेजारी मांडला आणि सकाळी पहिलं वजन घेतलं.

दुपारची वेळ होती. बायको स्वैपाकघरात बाटल्या उकळत होती. मी बाळाला काट्यावर ठेवलं आणि आकडा स्थिरावायची वाट पाहत राहिलो.

सकाळपेक्षा कमी.

माझी मान आपोआप खिडकीकडे वळली.

कुंडीखालच्या काट्याचा आकडा सकाळपेक्षा जास्त होता.

आयुष्यभर मी वजाबाक्या करत आलोय. ती मात्र मी केली नाही.

बाळ माझ्याकडे बघत होतं. तोंड रडताना उघडतं तसं पूर्ण उघडलं होतं. हनुवटी थरथरत होती. आवाज नव्हता.

मी कुंडी उचलली. एवढीशी वस्तू, पण मनगट खाली ओढलं गेलं. काटे अंगठ्यात शिरले. मी ती जमिनीवर आपटणार, तेवढ्यात दारातून ताई म्हणाली, "फोडू नकोस."

ती रागावलेली नव्हती. घाबरलेलीही नव्हती.

"त्यात जे आहे ते सांडेल," ती म्हणाली. "मग ज्याच्या अंगावर सांडेल त्याचं काय?"

"तुला माहीत होतं?"

"मला बरं वाटत होतं," ती म्हणाली.

मी कुंडी पोत्यात गुंडाळली आणि स्कूटरवर पुढ्यात घेऊन गावाबाहेर गेलो. भावोजी निवडुंग आणायचे ती रोपवाटिका तिथे होती. मालक गिऱ्हाइकाशी बोलत होता. लांबलचक फळीवर तसलेच गोल निवडुंग ओळीनं मांडलेले होते. मधे थोडी फट होती, तिथे मी कुंडी सरकवली. इथे रडणारं कोणी नाही, एवढाच विचार मी केला.

घरी पोचलो तेव्हा जिन्यातच आवाज आला. पोरगी किंचाळत होती. बायको तिला छातीशी धरून हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम. त्या आठवड्यात टाळू भरून आली. शेजारच्यांनी आवाजाची तक्रार केली, तर मी त्यांना पेढे दिले.

ताईचं काही परत आलं नाही. ती तिच्या घरी राहायला गेली. बरी आहे. फोनवर हवापाण्याचं बोलते. डोळ्यांत थेंब घालावे लागतात.

मला मात्र ती फळी डोळ्यांपुढून हलेना. शेवटी एका संध्याकाळी दुकान लवकर बंद करून मी रोपवाटिकेत गेलो. फळी रिकामी होती. मालकानं आनंदानं सांगितलं की एका बाईंनी सगळेच्या सगळे गोल निवडुंग उचलले. त्यांचं पाळणाघर आहे. खिडक्यांत ठेवायला हवे होते. त्यानं पत्ताही दिला.

पाळणाघर तळमजल्यावर होतं. मुलांना न्यायची वेळ झाली होती, फाटकाशी आईबाप उभे होते. एक बाप दुसऱ्याला सांगत होता की इथे आल्यापासून त्याचा मुलगा एकदम शहाणा झालाय. मी आत गेलो. चालवणाऱ्या बाई हसतमुख होत्या. नाव घालायचंय का, त्यांनी विचारलं. एवढी मुलं आहेत, पण किरकिर म्हणून नाही बघा, असंही म्हणाल्या. मी त्यांना म्हणालो की त्यांच्याकडे चुकून माझी एक कुंडी आलीय. त्या म्हणाल्या, मग घेऊन जा की, कुठली तुमची?

खिडक्यांच्या कट्ट्यांवर निवडुंग ओळीनं बसले होते. सगळे गोल, सगळे तुकतुकीत. मी पहिली कुंडी उचलली. मग दुसरी. मग शेवटपर्यंत गेलो. माझा हात चुकत नाही.

सगळ्याच जड होत्या.

मी वळलो तेव्हा खोलीच्या दाराशी एक चिमुरडी उभी दिसली. फ्रॉक घातलेली, खांद्यावर दप्तर, निघायच्या तयारीत. मला वाटलं, आईची वाट बघतेय. जवळ गेल्यावर कळलं की तिचं बोट दाराच्या बिजागरीत सापडलंय. नख काळं पडलं होतं.

"काका," ती हळूच म्हणाली, "दार उघडता का?"