शामलाची नर्तकी

कोराडीच्या कॉलनीत रविवारी सकाळी कृष्णकांत सरांचा चित्रकलेचा वर्ग भरायचा. नागपुरात महाल भागातल्या शाळेतून निवृत्त होऊन ते पॉवर हाऊसमध्ये नोकरीला असलेल्या मुलाकडे राहायला आले होते, आणि नुसतं घरात बसणं त्यांना जमत नव्हतं. हॉलच्या खिडक्यांवरची राख झटकायची, भिंतीवर कागद टाचायचे आणि पोरांची वाट बघायची, यातच त्यांचा आठवडा सुखाचा व्हायचा.

एकोणीसशे एक्याऐंशीच्या नवरात्रासाठी कॉलनीनं महिनाभर आधीच मुलींचा नाच बसवायला घेतला होता. हॉल सजवायला पोरं नाचणाऱ्या बाया काढत होती. सगळ्या बाया पडत होत्या.

"सर, शामलाची बाई तर दारू पिऊन नाचून राहिली!" कवडू ओरडला.

"तुह्या बाईले तर पायच नाही गा," शामलानं ऐकवलं.

सरांनी खिशातून ओळंबा काढला. दोऱ्याला बांधलेला लोखंडी नट, एवढंच. दोरा त्यांनी चित्राच्या गळ्याच्या खळगीवर धरला. "भार ज्या पायावर, त्याच्या टाचेवर दोरा आला पाहिजे. मग हात कुठंही फेका, कंबर कितीही वळवा. बाई पडत नाही."

शामलाचा उजवा पाय लहानपणीच्या तापात लुळा झाला होता. ती भिंत धरूनच चालायची. आधाराशिवाय उभी राहशील तर नाचात घेऊ, असं नाच बसवणाऱ्या बाईंनी तिला सांगितलं होतं. म्हणजे नाहीच.

"सर," तिनं हळूच विचारलं, "तोल सांभाळला का पोटात कसं वाटते?"

"काढून बघ, बाळ," ते म्हणाले.

तिनं काढली. स्टुलावर बसून, कोळशाच्या कांडीनं, मोठ्या कागदावर. एका पायावर उभी, एक हात वर, मान किंचित मागे. सरांनी दोरा धरला. बरोबर टाचेवर. इतक्या वर्षांत कुठल्या पोराकडून असं झालं नव्हतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढच्या रविवारी शामला हॉलच्या मधून चालत आली. भिंत तिच्या हातापासून लांब होती. मागं तिची आई प्रेमिला, डोळे पुसत.

"सर, तुमचे उपकार कसे फेडू जी? डॉक्टर नाही म्हणत होते, अन् इथं चित्र काढलं तशी भिंतच सोडली तिनं."

"मी काय केलं, प्रेमिलाताई?" सर म्हणाले.

पोरं गेल्यावर ते त्या चित्रापुढं बराच वेळ उभे राहिले. सवयीनं दोरा धरला. तो टाचेच्या बोटभर पुढं आला.

टाचण्या ढिल्या झाल्या असतील म्हणून त्यांनी त्या चाचपल्या. घट्ट होत्या. कागदही सरळ होता.

त्यानंतरच्या रविवारी दोरा पावलाच्या पार बाहेर पडला. वरचा हात खाली आला होता. त्याची बोटं फाकली होती, पडताना माणसाची फाकतात तशी. कागदावर खोडल्याची खूण नव्हती.

बाहेर मैदानात पोरी लंगडी खेळत होत्या. शामलावर डाव होता. ती एका पायावर उड्या मारत कवडूच्या बहिणीमागं धावत होती आणि मोठ्यानं हसत होती.

बिचारीला सावरावं, एवढंच सरांच्या मनात आलं. चुकलेलं चित्र दुरुस्त करायचा हात होता तो. त्यांनी खोडरबर घेतला, कंबर मागं घेतली, दोरा पुन्हा टाचेवर आणला.

बाहेर हसणं थांबलं.

"आई वं!"

सर खिडकीशी गेले. शामला मातीत पडली होती. उठायला बघत होती आणि उजवा पाय उचलतच नव्हता.

ते परत चित्राकडं आले.

त्यांनी कंबर पुन्हा होती तशी झुकवली.

बाहेरून शामला ओरडली, "काही नाही झालं! माह्यावरच डाव आहे अजून!"

सर कागदासमोर स्टुलावर बसले. चित्रातल्या चेहऱ्यावर डोळे म्हणून दोनच रेघा होत्या, पण त्यांना तिच्याकडं वर बघवेना.

"पोरीवर फार उपकार केलेस, बाई," ते पुटपुटले. आणि हाती होतं ते केलं. तिच्या फाकलेल्या बोटांपाशी कोळशानं एक भिंत काढून दिली. साधी, कोरी, कागदभर.

अष्टमीला शामला नाचली. प्रेमिलानं सरांना पहिल्या रांगेत बसवून पेढे दिले. गिरकी घेऊन शामला एका पायावर थांबली तेव्हा सगळा हॉल टाळ्या वाजवत होता, आणि सर हात जोडून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चित्र उतरवायला गेले. चित्रातली बाई भिंतीला धरून उभी होती. त्यांनी काढलेल्या कोऱ्या भिंतीवर, तिच्या हाताच्या उंचीला, कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बोटांचा काळपट, तेलकट पट्टा उमटला होता. वर्षानुवर्षं चाचपत गेल्यावर उमटतो तसा.