तडी

परशराम नावाड्यानं सकाळी नाव काठाला लावली ती एका साहेबाला पलीकडं पोचवायला. रोजचंच काम. ह्या काठाची माणसं त्या काठाला, त्या काठाची ह्या काठाला. फरक एवढाच, की आजचा उतारू त्याच्या मेलेल्या भावाला गुन्हेगार ठरवायला निघाला होता.

चिकोडीकडच्या कृष्णेवर दिवाळीनंतर धुकं असं पडतं की आपल्याच वल्ह्याचं टोक दिसत नाही. गेल्या महिन्यात अशाच धुक्यात ठेकेदार आण्णासाहेबांची वाळूची बार्ज त्या भावाच्या, भरमूच्या नावेवर चढली. बार्जला दिवा नव्हता, भोंगा वाजला नव्हता. भरमू गुरांसाठी उसाचं वाडं घेऊन येत होता. वाडं त्याच दिवशी खालच्या बंधाऱ्याला लागलं. भरमू नंतर लागला.

"बार्ज चालवणाऱ्या युवराजचा जबाब स्पष्ट आहे," नावेत बसता बसता नागेंद्र साहेब म्हणाले. ते बेळगावहून चौकशीला आले होते. जीप ह्या काठाला, जप्त केलेली बार्ज त्या काठाला. "तुमचा भाऊ 'तडी' म्हणून ओरडला. युवराजनं बार्ज तडीला घेतली. तडीला नाव होती. मग चूक कुणाची?"

परशरामनं वल्हं असं हाणलं की नाव डुलली. साहेबांनी दोन्ही हातांनी फळी धरली.

"ह्या नदीवर तडी म्हंजे थांब, साहेब. कानडीतलं तडी. बार्जवर युवराज सोडून समदी कानडी पोरं, मग आमी काय इंग्लिशमदी वरडायचं? तुमच्या घरात कानडीच बोलत्यात न्हवं? तुमाला ठावं न्हाय व्हय?"

"मला माहीत असून काय उपयोग? युवराज वडगावचा, मराठी माणूस. त्यानं मराठी ऐकलं. तडीला म्हणजे काठाला."

"युवराज लई साळसूद. इतकी वर्सं हितं बार्ज हाकतोय, रोज आमची हाक ऐकून थांबतोय. नेमकं त्याच दिवशी मराठी आठवली त्याला? आनी वल्ह्याला आदी वाट, इंजिनानं थांबायचं, ह्ये कुठल्या भाषेत ऐकू येतंय?"

"असा नियम कुठं लिहिलेला असला तर दाखवा."

"लिवलेला न्हाय. बुडालेला दावतो. चालंल?"

परशराम दातओठ खात वल्ही मारत राहिला. जिवंतपणी भरमूला कुणी कधी नीट विचारलं नव्हतं. आता मेल्यावर मात्र त्याच्या तोंडातल्या एका शब्दाला जो तो आपल्या सोयीचा अर्थ लावत होता. उद्या साहेबांचा शेरा पडला, की भावजय नागुबाईचा नवरा स्वतःच्या चुकीनं मेला हे कायमचं खरं होणार होतं.

नाव मध्यधारेला आली. दोन्ही काठ दिसेनासे झाले. पाण्यावर थंडगार, उग्र असा ओल्या वाळूचा वास पसरला, आणि त्यात हळूहळू डिझेल मिसळलं.

मग इंजिन ऐकू आलं. धप... धप... धप...

"वाळूउपसा बंद आहे," साहेब पुटपुटले. "बार्जला सील आहे."

"व्हय. तुमीच केलंयसा."

आवाज जवळ आला. डावीकडून की उजवीकडून ते कळेना. नावेचा तळ बारीक थरथरू लागला. आणि धुक्यातून, अगदी पाण्याच्या पातळीवरून, हाक आली.

"तडी..."

ती हाक परशराम लहानपणापासून ऐकत आला होता. शेवटचा स्वर असा वर चढवणारा सगळ्या नदीत एकच होता.

"तडी... तडी..."

"थांबा," साहेब कुजबुजले. त्यांनी परशरामचं मनगट पकडलं. "वल्हं थांबवा. तो थांब म्हणतोय..."

परशरामनं वल्हं पाण्यात उभं रोवलं. नाव जागीच अडली. पुढून, हाताच्या अंतरावरून, एक काळी भिंत सरकत गेली. सुकाणूवर कुणी नव्हतं. लाटेनं नाव उचलून आपटली, आणि मग सगळं शांत झालं.

"कोन थांब म्हनतोय, साहेब?" परशरामनं हळूच विचारलं. "तुमाला कसं कळलं? तडीला घे, असं न्हाय वाटलं?"

साहेबांनी मनगट सोडलं.

पलीकडच्या काठाला बार्ज साखळदंडानं बांधलेली होती. सील शाबूत होतं. इंजिनाच्या लोखंडावर दव तसंच. फक्त तिच्या नाकाला उसाचं वाडं अडकलेलं होतं. हिरवंगार, तुटल्या जागी अजून रस गळत होता.

साहेबांनी ते बराच वेळ पाहिलं. रुमालानं तोंड पुसलं.

"धुक्यात भास होतात," ते म्हणाले. "मी काही ऐकलेलं नाही. चूक नावाड्याचीच दिसते."

पूल लांब होता आणि जीप पलीकडं. परशरामनं नाव पुढं ओढून धरली.

"बसा साहेब. परत सोडतो."

मध्यधारेला पुन्हा तो वास आला. पुन्हा धप... धप... नावेचा तळ थरथरू लागला.

"थांबा," साहेब म्हणाले. परशराम वल्ही मारत राहिला. "परशराम, अहो, थांबा..."

"मराठी कळंना झालंय मला," परशराम म्हणाला. "कानडीत सांगा."

साहेबांनी तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज फुटेना.

परशरामनं कान दिला. इंजिन अगदी जवळ आलं होतं. भरमूची हाक मात्र ह्या खेपेला आली नाही.