फिरणारा ठिपका

"याचा फक्त कॅमेरा काढून द्या. बाकीचा फोन तुम्हीच ठेवा," असं म्हणत तिने काउंटरवर एक फुटका फोन ठेवला.

मोबाइल दुरुस्त करणाऱ्या त्या बापड्याने आजवर नाना तऱ्हा पाहिल्या होत्या. कुणाचा फोन पाण्यात पडायचा, कुणाच्या फोनवर सासूबाई बसायच्या... पण अशी मागणी पहिलीच. बाहेर भुरभुर पाऊस होता. तिच्या केसांवर बारीक थेंब होते आणि नखांत पितळेचा चुरा. पितळेचा चुरा इतका गोड दिसू शकतो, हे त्याला त्या दिवशीच कळलं.

"सुटा चालत नाही हो तो," तो म्हणाला. "पण कॉम्प्युटरला लावायचा छोटा कॅमेरा आहे माझ्याकडे. कशाला हवाय?"

"आमच्या ड्रिल मशीनला दिसत नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला सगळं दिसतं," ती हसून म्हणाली. "तुम्ही मघापासून माझ्या हातांकडे बघताय, तेसुद्धा."

त्याचे कान लाल झाले ते झालेच.

ती जुनी भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करायची. झिजलेल्या पट्ट्या पितळेत नव्याने बनवायच्या आणि त्यांत चाकांसाठी भोकं पाडायची. भोक केसभर सरकलं की चाकं अडतात आणि घड्याळ रुसून बसतं. म्हणून तिला ड्रिलच्या जागी कॅमेरा बसवून खालची खूण पडद्यावर मोठी करून बघायची होती. खूण बरोबर मधोमध आली की कॅमेरा काढायचा, ड्रिल लावायचं आणि भोक पाडायचं.

रविवारी तो तिच्या गॅरेजमध्ये हजर झाला. तिचे बाबा, निवृत्त टर्नर, खुर्चीत बसून सगळं बघत होते.

"कॅमेरा कसला लावता? आम्ही नजरेनं कामं केली," बाबा म्हणाले.

"म्हणूनच घरातलं एकही कपाट सरळ नाही," ती म्हणाली. बाबांनी वर्तमानपत्र वर धरलं.

कॅमेरा बसवायला तिने ड्रिलच्या जागी मावेल अशी नळी कातून दिली, त्याने तारा जोडल्या. पडद्यावर अधिकचं चिन्ह आलं. खाली पितळेवर एक ठिपका होता. आता मशीनचा चक, म्हणजे ड्रिल धरणारा जबडा, हाताने फिरवायचा. ठिपका चिन्हाखाली जागच्या जागी राहिला, तर कॅमेरा बरोबर. तो गोल गोल फिरू लागला, तर कॅमेरा वाकडा.

ठिपका गरगर फिरला. तिने चक फिरवायचा आणि त्याने नळीवरचे तीन बारीक स्क्रू हळूहळू पिळायचे, असं दुपारभर चाललं. दोघांची डोकी एका छोट्या पडद्यासमोर इतकी जवळ, की श्वास कुणाचा हे सांगणं कठीण. शेवटी ठिपका थांबला... आणि दोघंही बघत राहिले. मग त्याने घरून आणलेल्या, आपल्या ताईच्या गडद लाल नेलपॉलिशचा एकेक थेंब स्क्रूंवर लावला, म्हणजे ते सैल होणार नाहीत.

आठच दिवसांत तिचा फोन आला. "ठिपका परत फिरतोय हो."

तो गेला, नीट करून आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पहिल्या दोन वेळा त्याला मनातून आनंदच झाला. पाचव्या वेळी मात्र त्याची झोप उडाली. जिच्यापुढे आपलं काम चोख दिसावं असं वाटत होतं, तिच्यापुढेच दर आठवड्याला शोभा! सहाव्या रविवारी तो मनाशी ठरवूनच गेला.

"हे मी परत नेतो," तो खाली बघत म्हणाला. "तुमचं काम नाजूक आहे. माझ्या हाताला ते जमत नाही. चांगल्या कारागिराचा नंबर देतो."

"आणि तुम्ही?" तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"मी... मग माझं काय काम इथे?"

तो कॅमेरा काढू लागला आणि थबकला. एका स्क्रूवरचा थेंब गडद लाल नव्हता. फिकट गुलाबी होता.

"हा रंग ताईचा नाही," तो म्हणाला.

तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले. उशीर झाला होता. नखं त्याच गुलाबी रंगाची होती.

"दर शनिवारी अर्धा फेरा सैल करायचे," ती पुटपुटली. "भोकं पाडून झाल्यावर! लाल थेंब फुटायचा, म्हणून या वेळी वरून माझा लावला. कामाला कधी धक्का लागू दिला नाही... मला वाटलं, तुम्हाला केव्हाच कळलं असेल. दर वेळी तोच स्क्रू!"

"मला वाटलं माझा हात गेला," तो म्हणाला. हसण्याचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "दुकानातसुद्धा प्रत्येक फोन तीनतीनदा तपासत होतो."

तिचा चेहरा पडला. इतक्या दिवसांची गंमत समोरच्याला किती लागली, हे तिला आत्ता कळलं. तिने पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला. "हा हात उत्तम आहे. चूक माझी. तुम्ही यावं असं वाटायचं आणि नुसतं या म्हणायची हिंमत नव्हती... बाईनं बिनकारण कुणाला बोलवायचं कसं?"

"तसंच बोलवायचं. बिनकारण," तो म्हणाला. हात मात्र त्याने सोडवून घेतला नाही.

बाबा वर्तमानपत्राआडून खाकरले आणि चहा ठेवायला म्हणून घरात गेले. त्यांनी आयुष्यात कधी चहा ठेवला नव्हता.

त्याने तिन्ही स्क्रू घट्ट केले. थेंब तिने लावले, तिन्ही गुलाबी. तिने चक पुन्हा पुन्हा फिरवला, ठिपका तसूभर हलला नाही. आता कॅमेरा बिघडण्याची काही सोय उरली नव्हती आणि निरोप घेताना दोघांनाही त्याची धास्ती वाटली.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी भर दुपारी दुकानात गिऱ्हाईक उभं असताना त्याचा फोन वाजला.

"ऐक," ती म्हणाली आणि थांबली. तिचा श्वास ऐकू येत होता. "मशीन व्यवस्थित आहे. कॅमेरा व्यवस्थित आहे. काहीही बिघडलेलं नाही..."

"बरं," तो म्हणाला. "मग?"

"मग ये ना."

त्याने गिऱ्हाइकाची माफी मागितली, शटर ओढलं आणि निघाला. हत्यारांची पिशवी दुकानातच राहिली.